दोष गोगलगायीचा नाही, किचनचा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला पॅरिसवरचा लेख वाचला. आयफेल टॉवर, सीन नदीतली बोट वगैरे छान आहे, त्याबद्दल काही म्हणायचं नाही, पण शेवटी गोगलगायींवर जो परिच्छेद टाकलाय तो वाचून राहवेना म्हणून हे पत्र. लेखकाचं म्हणणं थोडक्यात असं की एस्कार्गो, म्हणजे फ्रेंच पद्धतीच्या गोगलगायी, हे लसूण-बटरमध्ये बुडवलेलं रबर, फ्रेंच लोक उगाच कौतुक करतात, फोटोपुरतं मागवा आणि विसरून जा. वर आणखी एक वाक्य, की या गोगलगायी फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतातल्या द्राक्षमळ्यांतून रोज ताज्या येतात. पहिलं विधान अर्धवट आणि दुसरं साफ चुकीचं, आणि गंमत म्हणजे दुसरं नीट माहीत असतं तर पहिलं लिहायची वेळच आली नसती.

मी नोकरीमुळे बरीच वर्षं दिजाँला राहते, म्हणजे बर्गंडीतच. इथे गोगलगाय हा टुरिस्टांना दाखवायचा तमाशा नाही. ख्रिसमस आणि नववर्षाच्या जेवणात ती असतेच, देशभरातला मोठा खप त्याच दिवसांत होतो, आणि एरवीही रविवारी दुपारी घरी पाहुणे आले तर कुणीतरी त्रेतरकडून, म्हणजे तयार पदार्थ विकणाऱ्या दुकानातून, भरलेल्या गोगलगायींचा अ‍ॅल्युमिनियमचा ट्रे घेऊन येतं. त्यामुळे इथे चांगली-वाईट गोगलगाय यावर लोक अगदी हिरिरीनं बोलतात आणि ऐकून ऐकून आपल्यालाही कळायला लागतं.

आधी त्या द्राक्षमळ्यांचं बघू. बर्गंडीची म्हणून जी मोठी, फिकट शंखाची गोगलगाय प्रसिद्ध आहे ती हेलिक्स पोमेशिया नावाची जात. ती रानातली. पूर्ण वाढायला दोन-तीन वर्षं घेते, कोंडून ठेवली की धड वाढत नाही, त्यामुळे तिची शेती कुणाला परवडत नाही. झुडपांची कुंपणं तोडली गेली, मळ्यांत फवारे आले, लोकांनीही मिळतील तेवढ्या गोळा केल्या, शेवटी सरकारला 24 एप्रिल 1979 ला आदेश काढावा लागला, 1 एप्रिल ते 30 जून या काळात ही जात उचलायचीच नाही आणि बाकीच्या वर्षात शंख 3 सेंटीमीटरपेक्षा लहान असला तर हात लावायचा नाही. मग रेस्टॉरंटात वर्षभर येतात कुठून? बहुतेक पोलंड, हंगेरी, रोमानिया आणि बाल्कन देशांमधून, शिजवून आणि डब्यात किंवा फ्रोझन. मेनूवर 'बर्गंडीच्या गोगलगायी' लिहिलं असलं तरी त्यातून जात कळते, गाव कळत नाही, कारण या नावाला वाइन किंवा चीजसारखं भौगोलिक संरक्षण नाही. यात फसवणूक आहे असं मी म्हणत नाही. पोलंडची हेलिक्स पोमेशिया नीट शिजवली असेल तर उत्तम लागते. फक्त 'आज सकाळी मळ्यातून आली' हे कुणी सांगितलं तर मान डोलवू नका एवढंच.

फ्रान्समध्ये खरोखर वाढवलेली गोगलगाय हवी असेल तर ती दुसरी जात, हेलिक्स अस्पेर्सा. तिच्यात लहान ती प्ती-ग्री, आणि मोठी, मूळची उत्तर आफ्रिकेची, ती ग्रो-ग्री. फ्रान्सभर छोटे छोटे गोगलगाय पाळणारे शेतकरी आहेत, बरेचसे जोडधंदा म्हणून करतात, वसंतात पिल्लं सोडायची, उन्हाळाभर फळ्यांच्या सावलीत धान्याचं पीठ आणि कॅल्शियम खाऊ घालायचं, शरद ऋतू लागला की काढायच्या, म्हणजे एका मोसमात तयार. स्वतःच शिजवून शनिवारच्या बाजारात विकतात आणि आसपासच्या दोन-चार रेस्टॉरंटांना देतात. माझं मत विचाराल तर नाव बर्गंडीचं मोठं असलं तरी जवळच्या शेतावरची ग्रो-ग्री मला डब्यातल्या बर्गंडीपेक्षा कधीही चालेल, मऊ असते आणि बटर बाजूला केलं तरी तिला स्वतःची चव असते, किंचित मशरूमसारखी. इथले काही जुने लोक हे वाचून माझ्याशी भांडतील, भांडू देत.

तिसरा प्रकार म्हणजे अकातिना, आफ्रिकन मूळाची प्रचंड मोठी गोगलगाय, आशियातून फ्रोझन येते. हिचं मांस तुकडे करून भरतात. दुकानात पाकिटावर तिचं नाव वेगळं, 'आशातिन' असं असतं, ते बघून घ्यायची सोय आहे. रेस्टॉरंटच्या ताटात मात्र पाकीट येत नाही. फ्रान्समध्ये हॉटेलवाल्याला बीफ कुठल्या देशाचं ते 2002 पासून लिहावं लागतं, 1 मार्च 2022 पासून डुक्कर, मेंढी, कोंबडी हेही आलं त्यात, पण गोगलगाय त्या यादीत नाही. तुम्ही विचारल्याशिवाय कुणी सांगणार नाही.

आता रबर. गोगलगाय जन्मतः रबर नसते हो. नीट करायची म्हणजे आधी काही दिवस उपाशी ठेवायची, पोट रिकामं व्हायला हवं, मग धुवायची, उकळत्या पाण्यातून काढायची, शंखातून सोडवायची, मागचं वेटोळं बहुतेक जण कापून टाकतात (काही जण ठेवतात आणि खरी चव त्यातच म्हणतात, त्या वादात मी पडत नाही), आणि मग गाजर, कांदा, थाइम, तमालपत्र, पांढरी वाइन घातलेल्या पाण्यात मंद आचेवर दीड-दोन तास, कधी त्याहून जास्त, शिजू द्यायची आणि त्याच पाण्यात गार होऊ द्यायची. यातला वेळ वाचवला की रबर. नीट शिजलेली घेऊन परत परत गरम केली, मायक्रोवेव्हमध्ये फिरवली, तरी रबर. आणि डबाबंद स्वस्तातल्या असल्या तर चव आधीच त्या डब्यातल्या पाण्यात गेलेली असते, मग तिथे लसूण दुप्पट पडतो. सुपरमार्केटात डब्याला जोडून रिकाम्या शंखांची नळी मिळते, म्हणजे मांस एकीचं, शंख दुसरीचा. शंख परत वापरण्यात तसं काही वाईट नाही, चांगल्या ठिकाणीही वापरतात, पण मोठ्या शंखात तळाशी इवलासा तुकडा आणि वर बटरचा डोंगर असा प्रकार दिसला की समजून जायचं.

लेखकानं जिथे खाल्लं त्या जागेचं नाव दिलेलं नाही, ते बरंच केलं, पण वर्णनावरून ओळखू येतं कसली जागा असणार. स्मारकाच्या अगदी तोंडाशी, दारात उभा राहून बोलावणारा माणूस, पाच भाषांतला फोटोवाला मेनू, आणि ठराविक किमतीत कांद्याचं सूप किंवा गोगलगाय, मग चिकन, मग क्रेम ब्रुले. अशा ठिकाणी गोगलगाय फक्त यादी पूर्ण करायला असते, तिथे गिऱ्हाईक परत येणार नाही हे मालकाला माहीत असतं आणि ते किचनमध्येही माहीत असतं. एका अशा ताटावरून सगळ्या देशाच्या गोगलगायींना नावं ठेवायची म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला.

मग शोधायच्या कुठे? मेनू लहान असलेली जागा बघा, फळ्यावर खडूनं लिहिलेला असला तर आणखी बरं. गोगलगायीपुढे जात किंवा शेताचं नाव लिहिलेलं असेल तर अर्धं काम झालं, जो शेतकऱ्याचं नाव लिहितो त्याला लपवायचं काही नसतं. 2014 पासून घरगुती पदार्थासाठी 'फे मेझों' असं एक सरकारी चिन्ह आहे, भांड्यावर घराचं छप्पर काढलेलं, तेही बघा, तयार भरलेल्या गोगलगायी आणून नुसत्या ओव्हनमध्ये टाकल्या तर ते चिन्ह त्या पदार्थाला लावता येत नाही. अर्थात चिन्ह नाही म्हणजे वाईट असं नाही, कारण बऱ्याच चांगल्या रेस्टॉरंटात शेतकऱ्यानं स्वतः भरून दिलेल्याच येतात आणि त्या फर्स्टक्लास असतात.

आणि विचारा. लोक लाजतात विचारायला, का कोण जाणे. आधी 'बोंझूर', म्हणजे नमस्कार, म्हणायचं, ते विसरलात तर पुढचं काही धड होत नाही, आणि मग सरळ 'से दे बुर्गोन्य ऊ दे ग्रो-ग्री?', बर्गंडीच्या आहेत की ग्रो-ग्री. वेटरला माहीत असेल तर तो तोंडभरून सांगतो, नसेल पण आत जाऊन विचारून येत असेल तरी ठीक, आणि खांदे उडवून 'गोगलगायी आहेत' एवढंच म्हणाला तर दुसरं काहीतरी मागवा.

पॅरिसमध्येच खायच्या असतील तर र्यू मोंतोर्गय या रस्त्यावर 'लेस्कार्गो मोंतोर्गय' हे रेस्टॉरंट आहे, 1832 पासूनचं, दारावर भलीमोठी सोनेरी गोगलगाय, आणि आत प्रवेशाजवळच्या छतावर जे चित्र आहे ते सारा बर्नहार्ट या प्रसिद्ध नटीच्या जेवणघरातून आणलेलं. तिथे वेगवेगळ्या प्रकारे केलेल्या मिळतात. स्वस्त नाही. खिशाला हलकं हवं असेल तर र्यू द्यू फोबूर-मोंमार्त्रवरचं बुइयों शार्तिए, 1896 चं, रांग लावावी लागते, गडबड असते, वेटर बिल टेबलावरच्या कागदी कव्हरवर लिहितो. तिथे शेतावरच्या नाजूक गोगलगायीची अपेक्षा ठेवू नका, पण पहिल्यांदा चव घ्यायला हरकत नाही. एरवी साध्या ब्रासरीत, म्हणजे साध्या रेस्टॉरंटात, सहा गोगलगायींना साधारण 9 ते 14 युरो पडतात, बाराला त्याच्या दुपटीहून थोडे कमी. सर्व्हिस चार्ज किमतीत धरलेला असतो, साधं पाणी 'काराफ दो' म्हणून मागितलं की फुकट, आणि पाव फुकट, तो परत मागायचा, याचं कारण पुढे येतंय.

मागवताना सहा किंवा बारा असंच मागवतात. पहिल्यांदा सहाच. बारा म्हणजे भरपूर बटर आहे ते, आणि नंतर मेन कोर्स असतो हे लोक विसरतात. शंखात हव्या की शंखाशिवाय छोट्या वाटीत, हाही प्रश्न असतो, बऱ्याच ठिकाणी वाटीतल्या गोगलगायी बटरऐवजी क्रीम, वाइन किंवा ब्लू चीजच्या सॉसमध्ये देतात. मी शंखातल्याच घेते, कारण शंखात बटर राहतं गरम. दोन जण असाल तर एकाने शंखातल्या आणि एकाने वाटीतल्या मागवून अर्ध्या अर्ध्या वाटा, किचन कसं आहे ते लगेच कळतं.

ताट आलं की पहिल्यांदा कान द्या. खळगे असलेल्या त्या प्लेटमध्ये बटर चुरचुरत, बुडबुडे येत आलं पाहिजे. गप्प बसलेलं बटर म्हणजे ओव्हनमधून काढून बराच वेळ झाला, परत पाठवायला संकोच करू नका. रंग हिरवा हवा, ताज्या पार्सलीचा. वास लसणीचा यावा पण कच्च्या लसणीचा झोंबरा नको, आत थोडं शॅलट, म्हणजे छोटा कांदा, असतं ते गोडसर लागतं. पिवळं, तेलकट, पार्सलीचे वाळके ठिपके असलेलं काही आलं तर बटरच्या नावाखाली काय आहे देव जाणे.

तो चिमटा आणि दोन दातांचा काटा म्हणजे लेखकाच्या मते नुसता थाट. अहो, शंख ओव्हनमधून आलेला असतो, बोटं भाजतात, म्हणून चिमटा. आणि हा चिमटा उलटा चालतो, दाबला की उघडतो आणि सोडला की आपोआप पकडतो, हे माहीत नसलं की माणूस घट्ट पकडायला म्हणून जोरात दाबतो आणि शंख शेजारच्या टेबलावर. तेव्हा डाव्या हातात चिमटा, उघडून शंखावर बसवायचा आणि सोडायचा, उजव्या हातात काटा, आत खुपसून थोडा पिळ देत ओढायचा, शंखाच्या वळणाबरोबर फिरवलं की अख्खी निघते. चिमटा-काटा गडबडीचे वाटले तर शंख नॅपकिनमध्ये धरा, कुणी काही म्हणत नाही. लगेच तोंडात टाकू नका, आतलं बटर भयंकर तापलेलं असतं. आणि मग शंख उपडा करून उरलेलं बटर प्लेटच्या खळग्यात ओतायचं आणि पावाचा तुकडा त्यात बुडवून खायचा. एवढ्यासाठी पाव परत मागायचा. बरोबर वाइन घेत असाल तर बर्गंडीचीच आलिगोते, आंबटसर असते, बटर कापते. शाब्लीही चालते पण महाग पडते.

आता खरी परीक्षा, जी लेखकानं केली नाही. एक गोगलगाय पावावर टेकवून बटर जमेल तेवढं टिपून घ्या आणि तशीच खा. दाताखाली किंचित दाब लागून मग सहज तुटली, मातीची-मशरूमची हलकी चव आली तर गोगलगाय चांगली. चावत बसावं लागलं तर शिजवण्यात चोरी. वाळू लागली तर धुण्यात चोरी. आणि काहीच चव आली नाही तर मग तुम्ही इतका वेळ लसूण-बटर खाताय, गोगलगाय नाही. लसूण-बटर वाईट गोगलगायीचं सगळं पोटात घेतं, म्हणूनच आळशी किचनला हा पदार्थ इतका सोयीचा आहे. हे बटर कुठून आलं त्याची एक गोष्टही सांगतात, 1814 मध्ये फ्रेंच मुत्सद्दी तालेराँच्या घरी रशियाचा झार अलेक्झांडर जेवायला आला आणि आंतोनिन कारेम या आचाऱ्यानं हा प्रकार करून वाढला म्हणे. गोष्ट म्हणून ऐकायला मजा येते.

बटर सोडूनही फ्रान्समध्ये गोगलगायी खातात हे तर पुरवणीत आलंच नाही. पश्चिमेला शाराँतमध्ये प्ती-ग्रीला कागुई म्हणतात आणि टोमॅटो, वाइन, मांसाचा खिमा घालून रश्शात शिजवतात. स्पेनच्या सीमेजवळ पेर्पिन्याँच्या बाजूला कार्गोलाद, म्हणजे द्राक्षाच्या वाळक्या काड्यांच्या निखाऱ्यावर जाळी ठेवून शंखासकट भाजायच्या, वर चरबीचे थेंब सोडायचे, आणि आयोली या लसणीच्या सॉसबरोबर टाचणीनं काढून खायच्या, उघड्यावर, वीस माणसं एकत्र बसून. प्रोव्हाँसमध्ये तर शंखातून ओढून चोखून खायची पद्धत आहे. आल्सासमध्ये बटरमध्ये मसाले पडतात. बर्गंडीत राहून हे लिहिणं बरोबर नाही, पण ज्याला लसूण-बटर नकोसं झालंय त्यानं पेर्पिन्याँला जावं, फक्त कार्गोलाद रेस्टॉरंटात कमी आणि घरच्या नाहीतर गावच्या जेवणात जास्त होते, ओळख काढावी लागते.

एक गोष्ट मात्र पुरवणीत यायलाच हवी होती, विनोद नंतर केला असता तरी चाललं असतं. घरातल्या धुळीतल्या माइट्सची, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक जीवांची, अ‍ॅलर्जी, विशेषतः त्यातून दमा असलेल्या लोकांना गोगलगाय खाऊन जोराची रिअ‍ॅक्शन आल्याच्या केसेस वैद्यकीय साहित्यात नोंदलेल्या आहेत, श्वास कोंडेपर्यंत. कारण दोघांतली काही प्रथिनं सारखी असतात. अशा माणसानं आधी डॉक्टरांना विचारावं, 'एकच खाऊन बघतो' करू नये. शिंपल्यांची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनीही जपावं. युरोपात रेस्टॉरंटला अ‍ॅलर्जी होऊ शकणाऱ्या 14 घटकांची माहिती द्यावी लागते, त्यात मोलस्क म्हणजे मृदुकाय प्राणी आहेत आणि गोगलगाय त्यातच येते, त्यामुळे सॉसमध्ये वगैरे आहे का हे विचारायचा हक्क आहे. आणि बाहेर फिरताना दिसल्या म्हणून उचलून घरी शिजवू नका, 1979 चा आदेश बाजूला ठेवला तरी ती काय खाऊन आलीये, कुठल्या फवाऱ्यातून आलीये ते कळत नाही.

ज्यांना किळसच येते त्यांच्याशी माझं भांडण नाही, नका खाऊ. शाकाहारी मंडळींचाही प्रश्न नाही. पण खाऊन, तेही चुकीच्या ठिकाणी खाऊन, हजारो वाचकांना 'रबर' सांगायचं हे पटत नाही. लोक पैसे खर्च करून तिकडे जातात, पुरवणीतलं कात्रण बरोबर नेतात.

तेव्हा विनंती एवढीच, की द्राक्षमळ्यातून रोज ताज्या येतात या वाक्याची दुरुस्ती छापावी, आणि जागा कमी असेल तर माझ्या पत्रातलं बाकी सगळं गाळलं तरी चालेल पण अ‍ॅलर्जीचा परिच्छेद गाळू नये. लेखक पुन्हा फ्रान्सला येणार असतील तर पॅरिसहून दिजाँला टीजीव्ही या वेगवान रेल्वेनं दीड-पावणेदोन तास लागतात, शनिवारी सकाळी आले तर बाजार चालू असतो.

आपली,
एक नियमित वाचक
दिजाँ, फ्रान्स